याओ लोक आणि नाशिकचे शरणपूर

नाचणी कुठली? कुणीही सांगेल, डोंगरातली. बरोबर आहे. मुळशीच्या वरकस जमिनीत आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या नाचणी घेतली. भुकूम असो, पौड असो, की पलीकडचे मावळ असो, नाचणीच्या भाकरीवर वाढलेली म्हातारी माणसे घरोघर होती.

पण नाचणी मुळात आपली नव्हे. ती आफ्रिकेतली. पूर्व आफ्रिकेच्या उंच, डोंगराळ मुलखात माणसाने ती रानगवतातून निवडली, पेरली आणि वाढवली. ज्वारीही तिकडचीच. बाजरीही तिकडचीच. चवळी आणि चिंच यांचेही मूळ तिकडेच आहे. हजारो वर्षांपूर्वी ही बियाणी हातोहात, मुलूख ओलांडत आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. आज ज्वारीला परकी म्हणायची कुणाची छाती आहे?

धान्य आले, तशी तिकडची माणसेही आली. मात्र पुष्कळजण राजीखुशीने आले नाहीत. त्यांना पकडून, विकून आणले गेले.

यातली काही माणसे आपल्याला ऐकून माहीत आहेत. भुकूमहून पिरंगुट, पौड करत पुढे जावे, ताम्हिणीचा घाट उतरावा, की कोकण लागते. तिथे मुरूडजवळ समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला आहे. त्या किल्ल्यावर सिद्दी राज्य करीत. १९४८ पर्यंत त्यांचे संस्थान होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर हाही आफ्रिकेतला. लहानपणी विकला गेलेला हा माणूस पुढे एवढा मोठा झाला, की दिल्लीच्या मोगलांना त्याने दक्षिणेत वर्षानुवर्षे झुंजवले. तो १६२६ साली वारला. मलिक अंबर हबशी, म्हणजे इथिओपिया देशाकडचा होता. त्यांची गोष्ट मोठी आहे आणि पुष्कळांनी सांगितलेली आहे.

आम्ही आज सांगणार आहोत ती दुसरी गोष्ट. तिच्यात राजा नाही, किल्ला नाही. आफ्रिकेतल्या याओ नावाच्या लोकांची ती गोष्ट आहे. त्यांची काही मुले नाशिकला वाढली. नाशिक आपल्यापासून काही फार लांब नाही, तरी ही हकिकत फारशी कुणाला ठाऊक नसते.

बांटू म्हणजे काय?

मुंबईच्या बंदरातून पश्चिमेला समुद्र ओलांडला, जरा दक्षिणेला वळले, की आफ्रिकेचा पूर्व किनारा लागतो. आफ्रिका हा फार मोठा भूभाग आहे. आपल्या भारतासारखे नऊ देश त्यात मावतील.

आफ्रिकेच्या मध्यावर आणि दक्षिणेकडे सुमारे पाचशे भाषा अशा आहेत, की त्या एकमेकींच्या बहिणी शोभाव्या. मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली या जशा बहिणी, तशा. तीस कोटींहून जास्त माणसे या भाषा बोलतात. पंडितांनी एकोणिसाव्या शतकात या भाषांना मिळून एक नाव दिले. ते नाव बांटू. बांटू म्हणजे काय? तर 'माणसे'. बस्स, एवढाच अर्थ. झुलू भाषेत एका माणसाला उमुंटू म्हणतात, पुष्कळांना अबांटू म्हणतात. स्वाहिली भाषेत एक असला तर म्तू, पुष्कळ असले तर वातू. याओंच्या भाषेत मुंदू आणि वांदू.

गंमत बघा. आपण मुलगा, मुलगे, मुलगी असे म्हणतो, तेव्हा शब्दाची शेपटी बदलते. त्यांच्या भाषांत शब्दाचे तोंड बदलते. याओ लोक पुष्कळ असले तर ते वायाओ, आणि त्यांची बोली ती चियाओ. मधला 'याओ' जागचा हलत नाही.

बांटू ही एक जात नव्हे, की एक धर्म नव्हे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या सरकारने काळ्या माणसांना हिणवण्यासाठी हा शब्द वापरला. म्हणून माणसांना बांटू म्हटलेले तिकडे आता आवडत नाही. भाषांना म्हटले तर चालते. आम्हीही इथे तेवढ्यापुरताच हा शब्द घेतला आहे.

हे लोक मूळचे कुठले? त्याचा शोध पंडितांनी शब्दांवरून घेतला. याओ भाषेत मांसाला न्यामा म्हणतात. स्वाहिलीतही न्यामा. पार दक्षिणेला झुलू भाषेत इन्यामा. असे शेकडो शब्द शेजारी शेजारी मांडले, त्यांतले जुने कुठले आणि नवे कुठले ते पाहिले. जमिनीत सापडणारी जुनी खापरे आणि लोखंडाच्या जुन्या भट्ट्या तपासल्या. अलीकडे माणसांच्या रक्ताची तपासणी करूनही ताडून पाहिले. तेव्हा असे दिसले, की चार-पाच हजार वर्षांपूर्वी या सगळ्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पश्चिमेला, आज नायजेरिया आणि कॅमेरून या देशांची हद्द जिथे आहे, त्या बाजूला राहत होते. तिथून ते हळूहळू पसरले. लढाई करून मुलूख जिंकत गेले, असे नव्हे. जमीन थकली, माणसे वाढली, की चार घरे उठून पुढच्या रानात जायची. पुढे त्यांना लोखंड गाळण्याची कला आली. पूर्वेकडे ज्वारी आणि नाचणी मिळाली. गुरे मिळाली. असे करत करत ते समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांना आणि दक्षिणेला पोचले. याला दोन-तीन हजार वर्षे लागली.

गवताचा डोंगर

याओ हे या मोठ्या कुळातले एक लोक. त्यांचा मुलूख म्हणजे आजच्या मोझांबिक देशाचा उत्तरेकडचा कोपरा. रोवूमा आणि लुजेंदा या दोन नद्या तिथे वाहतात. पश्चिमेला एक भले मोठे सरोवर आहे. सरोवराला याओ भाषेत न्यासा म्हणतात. गोऱ्या प्रवाशांनी विचारले, याचे नाव काय? लोक म्हणाले, न्यासा. मग नकाशावर 'न्यासा सरोवर' असे नाव चढले. म्हणजे 'तळे तळे' म्हटल्यासारखे झाले! आता मलावी देशात त्याला मलावी सरोवर म्हणतात.

योहाना अब्दल्ला नावाचा एक याओ पाद्री होता. त्याने आपल्या लोकांची हकिकत आपल्याच भाषेत लिहून काढली. १९१९ साली ती छापून निघाली. तो सांगतो, की आमचे मूळ ठिकाण एक डोंगर आहे. त्या डोंगरावर झाड नाही, नुसते गवत. त्या डोंगराचे नाव याओ, आणि त्यावरूनच आमचे नाव पडले. पुढे लोक पांगले. मग जो ज्या डोंगराच्या आसऱ्याला गेला, त्याला त्या डोंगराचे नाव लागले. मांगोचे डोंगराकडचे ते अमांगोचे. मचिंगा डोंगराकडचे ते अमचिंगा. आपल्याकडे गावावरून आडनावे पडतात, त्यातलाच हा प्रकार.

शेतीची रीत ऐकाल तर ओळखीची वाटेल. रानातली झाडे तोडायची, फांद्या वाळू द्यायच्या, पावसाच्या आधी जाळायच्या आणि राखेत पेरायचे. आपण भाताच्या रोपासाठी राब भाजतो, तोच विचार. दोन-चार वर्षांनी जमीन थकली, की ती पडीक ठेवायची आणि दुसरीकडे जायचे. नांगर मात्र नव्हता. त्या मुलखात पुष्कळ ठिकाणी त्सेत्से नावाची माशी असते. ती चावली की गुरे रोगाने मरतात. मग बैल कुठून आणणार? सगळी शेती हातातल्या कुदळीवर. म्हणून कुदळ करणारा लोहार म्हणजे मोठा मानाचा माणूस.

पिके ज्वारीची, नाचणीची, घेवड्या-चवळीची. पुढे पोर्तुगीजांनी अमेरिकेतून मका आणला, तोही तिकडे रुजला. बायका लाकडी उखळात मुसळाने धान्य कांडीत. त्याच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवीत. तो हाताने मोडून पाल्याच्या, शेंगांच्या किंवा माशांच्या कालवणाबरोबर खात. घरे मातीच्या भिंतींची, वर गवत शाकारलेले.

देवाला ते मुळुंगु म्हणत. पण रोजच्या अडीअडचणीला ते आपल्या वारलेल्या वडीलधाऱ्यांना हाक मारीत. ठरलेल्या झाडाच्या बुंध्याशी पिठाची लहानशी रास ओतायची आणि गाऱ्हाणे घालायचे. प्रवासाला निघताना हे चुकायचे नाही.

बहिणीचे गाव

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. याओ लोकांत नाते आईकडून धरतात.

आपल्याकडे मुलगी लग्न होऊन सासरी जाते. याओंमध्ये नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. तिथे तो घर बांधतो, सासूच्या शेतात कुदळ चालवतो, मुलांचा बाप होतो. पण ते गाव त्याचे नसते. बायकोचे आणि तिच्या भावाचे असते. त्याचे स्वतःचे गाव म्हणजे जिथे त्याची आई आणि बहिणी आहेत ते. गावचा मुख्य मरण पावला, की त्याच्या मुलाला गादी मिळत नाही. बहिणीच्या मुलाला मिळते. का? तर बहिणीचे मूल आपल्या आईच्या रक्ताचे, यात शंका नाही.

सख्ख्या बहिणी, त्यांच्या मुली आणि मुलींची लेकरे यांच्या गटाला ते म्बुंबा म्हणतात. थोरला भाऊ त्या गटाचा राखणदार. बहिणींच्या भांडणात तो निवाडा करतो. दुखण्याखुपण्यात तो धावतो. त्यांची लग्ने तो बघतो. पुरुषाची पत किती? तर त्याच्यामागे किती बहिणी-भाच्या आहेत, त्यावर. आपल्याकडे लग्नात मामाला मान असतो, सुट्टीत मुले मामाच्या गावाला जातात. याओंचा मामा त्याहून फार मोठा. बापाहून मोठा म्हटले तरी चालेल.

ही रीत एकट्या याओंची नाही. आपल्या देशात मेघालयातले खासी लोक नाते आईकडून धरतात. केरळात नायर लोकांतही ही चाल पुष्कळ काळ होती.

वाचकांनी ही रीत ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कुदळीपासून माणसापर्यंत

अब्दल्लाने लिहिले आहे, की याओंमधले लोहार कुदळी घेऊन गावोगाव फिरत. कुदळ द्यायची, कातडी घ्यायची. अशी फिरती करता करता ते समुद्रापर्यंत पोचले. किनाऱ्यावर किल्वा नावाचे बंदर आहे. ते आता टांझानिया देशात येते. तिथे मीठ, मणी आणि कापड मिळे. कापड बरेचसे आपल्या गुजरातेतून गेलेले असे. झाडाच्या सालीचे वस्त्र नेसणाऱ्याला सुती कापड म्हणजे केवढे अप्रूप! मग याओंनी हत्ती मारून हस्तिदंत किनाऱ्याला नेला. तो गलबतांतून मुंबईला आणि गुजरातेत उतरे. त्याचे चुडे होत आणि लग्नात नवरीच्या हातात जात.

इथवर ठीक होते. पण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना हस्तिदंताखेरीज आणखी एक माल हवा होता. तो म्हणजे माणूस. फ्रेंचांना त्यांच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत राबायला माणसे हवी होती. झांझिबार बेटावर लवंगांचे मळे होते. अरबस्तानात, इराणच्या बाजूला आणि ब्राझीलमध्येही गुलामांना गिऱ्हाईक होते. याओंचे सरदार बंदुका आणि कापड घेऊन माणसे विकू लागले. आधी लढाईत पकडलेले, मग कर्जात बुडालेले, मग कुणीही. ज्यांनी विकले त्यांच्यात याओ होते, आणि जे विकले गेले त्यांच्यातही याओ होते. झांझिबारला कच्छ-गुजरातेतल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आणि त्यांचाही पैसा या धंद्यात फिरत होता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सरदार सगळे सारखेच होते, असेही नाही. म्वेंबे गावचा मताका हा मोठा याओ सरदार. त्याच्या गावात हजारभर घरे होती. गुलामांच्या व्यापारावरच तो मोठा झाला. पण एकदा त्याच्या माणसांनी त्याला न विचारता सरोवराच्या बाजूची गावे लुटली, तेव्हा आणलेली माणसे आणि गुरे त्याने परत पाठवली. हे १८६६ सालचे.

पकडलेल्या माणसांना कित्येक आठवडे किनाऱ्याकडे चालवीत. मोठ्या माणसाच्या मानेत बेचक्याचे जड लाकूड अडकवीत. जो चालेनासा होई, त्याला वाटेत टाकीत किंवा मारीत. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन नावाचा स्कॉटलंडचा प्रवासी त्या वाटेने गेला. झाडाला बांधलेली प्रेते त्याने डोळ्यांनी पाहिली.

शरणपूर

त्या वेळी इंग्रजांच्या लढाऊ बोटी समुद्रात गुलामांची गलबते अडवीत. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा आधार काढून घेतला होता. गलबत पकडले, की त्यातली माणसे सोडवीत. पण सोडवून नेणार कुठे? परत किनाऱ्यावर उतरवले तर तोच व्यापारी त्यांना पुन्हा पकडणार. म्हणून पुष्कळ मुले मुंबईला आणली गेली. त्यांतली काही नाशिकला गेली.

नाशिकला १८५४ साली इंग्रज मिशनऱ्यांनी शरणपूर नावाची वस्ती वसवली होती. शरण आलेल्यांचे पूर, ते शरणपूर. आजही नाशिकमध्ये शरणपूर रस्ता आहे. त्या वस्तीत आफ्रिकेतल्या मुलांसाठी आश्रम निघाला. मुले लिहायला वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. खायला मिळाले, मार चुकला. हे थोडे नव्हे.

पण तिथे आणखी एक गोष्ट घडली. मुलांची नावे गेली. चेंग्विंबे नावाचा एक याओ मुलगा होता. तो मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसऱ्या एकाचे नाव पडले जेकब वेनराइट. तोही याओ. धर्म बदलला, पोशाख बदलला. बाजारात मराठी कानावर पडत असणार, आश्रमात इंग्रजी. रात्री झोपेत ती मुले कोणत्या भाषेत बोलत असतील?

अब्राहमला मामा भेटला

लिव्हिंगस्टन १८६५ साली मुंबईला आला होता. आफ्रिकेच्या आतल्या भागात जायचे, तर तिकडची बोली जाणणारी आणि लिहिता येणारी माणसे सोबत हवीत. नाशिकच्या आश्रमातले नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. १८६६ च्या जुलै महिन्यात ते मताकाच्या गावी पोचले.

पाहुणे बघायला गर्दी जमली. त्या गर्दीत नाशिकच्या नऊ जणांपैकी अब्राहम नावाच्या तरुणाला एक चेहरा ओळखीचा दिसला. तो त्याचा मामा-काका कुणीतरी होता. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे नेमके नाते लिहिण्यात आलेले नाही. आम्हांला मामाच वाटतो. अब्राहमने ओळख दिली. मग पहिली चौकशी अर्थातच आईची आणि बहिणींची. उत्तर मिळाले, की तो विकला गेल्यानंतर आई आणि दोन्ही बहिणींनाही अरबांना विकण्यात आले.

मामा म्हणाला, आता इथेच राहा. मताकाने आग्रह केला. आणखी एका नातेवाइकाने आग्रह केला. खुद्द लिव्हिंगस्टननेही सांगितले, की राहा, काही महिने पुरेल एवढे सामान देतो. पण अब्राहम ऐकेना. जिथे आई उरली नाही आणि बहीणही उरली नाही, तिथे राहून करायचे काय, हाच त्याचा हेका. हे सारे लिव्हिंगस्टनने रोजनिशीत टिपले आहे.

वरवर पाहता हे कोडे वाटेल. इतक्या वर्षांनी स्वतःच्या मुलखात आला, रक्ताचे माणूस भेटले, सरदार जागा देतो म्हणाला, तरी राहत का नाही? मघाशी म्बुंबाबद्दल सांगितले, ते आठवा. याओ पुरुषाचे गाव म्हणजे त्याच्या बहिणींचे गाव. बहिणी नाहीत तर भाचे नाहीत. भाचे नाहीत तर त्याला मामा म्हणणार कोण, आणि त्याच्यामागे त्याचे नाव घेणार कोण? डोंगर तोच होता, नदी तीच होती. पण अब्राहमचे गाव समुद्रापार विकले गेले होते. तो लिव्हिंगस्टनबरोबर पुढे चालू लागला.

ज्याला लिहिता येत होते तो

१८७२ साली नाशिकच्या तरुणांची दुसरी तुकडी लिव्हिंगस्टनच्या मदतीला आफ्रिकेत गेली. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्यात होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबिया देश आहे तिथे चितांबो नावाच्या गावात लिव्हिंगस्टन आजाराने वारला.

सोबत साठ-सत्तर माणसे होती. त्यांचे म्होरके दोघे, सुसी आणि चुमा. चुमा याओ होता. लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सुटलेला, मुंबईच्या शाळेत काही काळ शिकलेला. गोरा माणूस आसपास एकही नव्हता. त्यांनी प्रेत तिथेच पुरून पांगायचे ठरवले असते, तर विचारणारे कोण होते? पण त्यांनी ठरवले, की साहेबाला त्याच्या माणसांकडे पोचवायचे. काळीज झाडाखाली पुरले. देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला.

आणि मग एक काम उरले. साहेबाच्या पेट्यांत होकायंत्रे, वह्या, नकाशे, कपडे होते. किनाऱ्यावर गेल्यावर कुणी म्हणेल, अमुक वस्तू कुठे गेली? गरीब माणसावर आळ यायला कितीसा वेळ लागतो! म्हणून सगळ्यांसमक्ष पेट्या उघडल्या आणि जेकबने एकेका वस्तूची यादी लिहिली. पुरताना प्रार्थना वाचली तीही त्यानेच. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच.

नंतर नऊ महिने चाल. हजार मैलांहून जास्त वाट. ताप, उपासमार, वाटेतल्या गावांशी झटापट. काही माणसे वाटेत मेली. १८७३ च्या ऑक्टोबरात पुढे इंग्रजांचा एक तळ आहे असे कळले, तेव्हा जेकबने चिठ्ठी लिहिली आणि चुमा ती घेऊन पुढे गेला. तळावरचे साहेब म्हणाले, कशाला एवढा खटाटोप, इथेच पुरून टाका. यांनी ऐकले नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते समुद्रावर बागामोयो बंदराला पोचले.

तिथे मजुरी हातावर ठेवून माणसांना वाटेला लावण्यात आले. एकट्या जेकबला पेटीबरोबर विलायतेला जायला मिळाले, तेही मिशनऱ्यांनी खर्च दिला म्हणून. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या मोठ्या मंदिरात लिव्हिंगस्टनला पुरले, तेव्हा पेटीजवळ जेकब उभा होता. सुसी आणि चुमा यांना नंतर बोलावले, पण ते पोचेपर्यंत सारे आटोपले होते. जेकबने या प्रवासाची एक वही लिहिली होती. ती स्कॉटलंडमधल्या एका संग्रहालयात जपून ठेवली आहे.

पुढे काय झाले

१८७३ साली झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. तो तह घडवून आणायला बार्टल फ्रिअर गेला होता. तो १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता. मोंबासा बंदराजवळ सुटलेल्या गुलामांसाठी १८७५ साली नवी वस्ती वसली. तिला त्याच्या नावावरून फ्रिअरटाउन म्हणतात. नाशिकची बरीच मंडळी तिकडे गेली. तिथले लोक त्यांना 'मुंबईचे आफ्रिकन' म्हणत. त्यांतले काही शिक्षक झाले, काही पाद्री झाले, काही कारागीर. म्हणजे इथे असताना ते आफ्रिकन होते आणि तिथे गेल्यावर मुंबईकर ठरले!

जेकब १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उरांबो गावी वारला. मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे आपला चेंग्विंबे, मोंबासात राहिला. लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणणाऱ्यांत शेवटपर्यंत हयात असलेला माणूस म्हणून लोक त्याला ओळखत. तो १९३५ साली वारला. अब्राहमच्या आईचा आणि बहिणींचा पत्ता कुठल्याही कागदात नाही.

याओंच्या मुलखावर पुढे पोर्तुगीज, इंग्रज आणि जर्मन यांनी रेघा ओढल्या. त्यामुळे आज ते मोझांबिक, मलावी आणि टांझानिया अशा तीन देशांत वाटले गेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यातल्या बहुतेकांनी इस्लाम धर्म घेतला. तरी आईकडचे नाते सुटले नाही. मुसलमान होऊनही अनेक गावांत नवरा बायकोच्या गावी राहायला जातो आणि मामाचा शब्द मोठा असतो.

तिकडचा पावसाळा आपल्या उलट असतो. आपल्याकडे भात कापून, झोडून होते, खळी रिकामी होतात, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्याकडे पहिला पाऊस पडतो. आदल्या महिन्यात भाजून ठेवलेल्या शेतात बायका-पुरुष कुदळी घेऊन उतरतात. आता पेरणी मक्याची जास्त असते. ज्वारी आणि नाचणी उरलेल्या तुकड्यांत टाकतात.